कोणतीही कळ दाबा

वाचकहो, आधीच सांगून ठेवते, माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत मी अजूनही गडबडते. त्यामुळे या लेखातलं शुद्धलेखन रूममेटचं, आणि मतं (व चुका) माझी. विषय मात्र मराठीच्या पेपरात येणारा नाही. विषय आहे कीबोर्ड. म्हणजे जुनी ऑपरेटिंग सिस्टीम सीडीवरून चालू करताना नेमका त्याच क्षणी मरून पडणारा कीबोर्ड, आणि त्याच्यापायी भंगारात जाणारी चांगली मशीन्स.

झालं असं, की यंदा मॅगझिन कमिटीने ठरवलं, जुन्या अंकांतलं निवडक छापायचं. लायब्ररीत बांधील अंक आहेत, पण २००४ चा अंक काही सापडेना. शेवटी सापडला तेव्हा वाळवीने मराठी विभागाची चाळण केली होती. इंग्लिश विभाग शाबूत! (वाळवीसुद्धा मराठी माध्यमाची निघाली, असं सर म्हणाले.) दुसरी प्रत कुणाकडे नाही. मग ऑफिसमधल्या बाईंना आठवलं की तो अंक बाहेर टाईप केलेलाच नव्हता. तो त्यांनी स्वतः इथेच, कॉलेजच्या मशीनवर केला होता, आणि ते मशीन जिन्याखाली आहे.

जिन्याखाली ते होतं खरं. पिवळा पडलेला कॅबिनेट, आत पेंटियम ४, आणि वर सेलोटेपने चिकटवलेली चिठ्ठी: 'बंद. कीबोर्ड चालत नाही.' शेजारी लिलावाच्या यादीतला नंबर. सोमवारी भंगारवाला येणार होता, आणि आम्ही तिथे पोचलो मंगळवारी संध्याकाळी.

ती चिठ्ठी माझ्या डोक्यात बसली आहे. कीबोर्ड चालत नाही म्हणून अख्खं मशीन बंद? बॉलपेनची रिफिल संपली म्हणून कुणी वही फेकत नाही. पण आपल्याकडे अशाच कारणाने मशीन्स जातात, आणि याला कुणी एक माणूस जबाबदार नाही. 'चालत नाही' या शब्दाचा अर्थ विचारायची सवयच आपल्याला नाही.

मशीन चालू केलं. काळा पडदा, पांढरी अक्षरं. सीमॉस चेकसम एरर, डिफॉल्ट्स लोडेड, पुढे जायला एफ१ दाबा. दाबलं. काही नाही. दुसरा कीबोर्ड आणला, दाबलं. काही नाही. तिसरा माझ्या रूममेटचा, गेमिंगचा, सप्तरंगी दिवेवाला. दिवे क्षणभर लुकलुकले आणि विझले. तीन कीबोर्ड एका दिवसात खराब होत नाहीत एवढं गणित कॉन्व्हेंटमध्येही शिकवतात.

कारण साधं होतं. मदरबोर्डवर नाण्याएवढी एक बॅटरी असते, सीआर२०३२. मशीन बंद असताना तारीख आणि बायोसच्या सेटिंग्ज तिच्या जिवावर टिकतात. वर्षानुवर्षं जिन्याखाली पडून ती संपली, आणि बायोस सगळं विसरून कारखान्यातल्या मूळ सेटिंगवर गेला. त्या बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये यूएसबी कीबोर्डचा आधार 'डिसेबल्ड' होता. कारण बोर्ड ज्या काळातला, त्या काळात कीबोर्ड म्हणजे मागच्या जांभळ्या गोल भोकात बसणारा, पीएस/२ चा. आता ते सेटिंग बदलायचं तर बायोसमध्ये जावं लागतं, बायोसमध्ये जायचं तर डिलीट दाबावं लागतं, आणि डिलीट दाबायला कीबोर्ड चालावा लागतो. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, असं आजी म्हणते, ते हेच.

हे मला आधीपासून ठाऊक होतं असं मुळीच नाही. हे सांगितलं लॅबमधल्या मामांनी. आम्ही तिघं थर्ड इयरची, ८०५१ ला चार बाय चार कीपॅड जोडून, डिबाउन्सिंगची आकृती काढून, दहा मार्क घेऊन आलेलो. मामा आले, एफ१ चा मेसेज बघितला, आणि विचारलं, "कॅप्स लॉकचा दिवा लागतोय का?"

हा प्रश्न मी आयुष्यभर विसरणार नाही. मला वाटायचं, कॅप्स लॉक दाबला की कीबोर्ड स्वतःच दिवा लावतो. तसं नसतं. कळ दाबली की कीबोर्ड फक्त 'ही कळ दाबली' एवढा निरोप कॉम्प्युटरला देतो. दिवा लावायचा हुकूम उलट कॉम्प्युटरकडून येतो. म्हणजे दिवा लागला तर निरोप गेला, पलीकडे कुणीतरी ऐकलं, आणि उत्तरही आलं. नाही लागला तर ऐकणारा नाही, किंवा तो अडकून बसला आहे. डॉक्टर छातीला स्टेथोस्कोप लावतात, तसा हा कॅप्स लॉक. फुकटात. मामांचं शिक्षण बारावी. आमचं चालू आहे.

मग प्रश्न असा, की ऐकतं कोण? हॉस्टेलवाल्यांना समजेल अशा भाषेत सांगते. रात्रीचा वॉचमन तुम्हाला ओळखतो, हाक मारली की गेट उघडतो. सहा वाजता ड्यूटी बदलते. नवा वॉचमन तुमचं तोंडही बघत नाही, ओळखपत्र मागतो. तुम्ही तेच, गेट तेच, पण आता बाहेर उभे. कॉम्प्युटर चालू होताना अशा तीन ड्यूट्या बदलतात. पहिला बायोस. दुसरा सीडीवरचा छोटा लोडर, जो 'प्रेस एनी की टू बूट फ्रॉम सीडी' म्हणत पडद्यावर एकेक टिंब टाकतो. तिसरी खरी ऑपरेटिंग सिस्टीम. लोडर स्वतः काही ऐकत नाही, तो बायोसलाच विचारतो, म्हणून पहिले दोघे साधारण एकत्र चालतात किंवा एकत्र मरतात. तिसरा मात्र आल्या आल्या बायोसला बाजूला करतो आणि स्वतःच्या ड्रायव्हरने थेट हार्डवेअरशी बोलतो. ड्रायव्हर नसेल तर तुम्ही गेटबाहेर.

पीएस/२ कीबोर्डला हा त्रास का नाही? कारण तो सगळ्यांच्या ओळखीचा. १९८४ च्या आयबीएम पीसी/एटी मध्ये ८०४२ नावाचा कीबोर्ड कंट्रोलर आला, १९८७ च्या पीएस/२ मॉडेल्समुळे त्या गोल पिनेला नाव मिळालं, आणि तेव्हापासून बायोस असो, डॉस असो, विंडोज असो की लिनक्स, प्रत्येकाला त्याच्याशी बोलता येतं. यूएसबी १९९६ मध्ये आलं. त्याला मधे कंट्रोलर, हब, प्रोटोकॉल असा सगळा गोतावळा लागतो. म्हणून बायोस एक छान खोटं बोलतो: यूएसबी कीबोर्डची कळ तो मधेच पकडतो आणि पुढच्याला सांगतो की ही ८०४२ कडूनच आली. बायोसमधलं 'यूएसबी लेगसी सपोर्ट' किंवा 'यूएसबी कीबोर्ड सपोर्ट' ते हेच. आमच्या मशीनमध्ये हे खोटं बोलणं बंद होतं, एवढंच.

म्हणजे हवा होता एक पीएस/२ कीबोर्ड. अख्ख्या कॉलेजात मिळेना! गेल्या दोन लिलावांत सगळे गेले. सीनियर म्हणाला, तपकीर गल्लीतून कन्व्हर्टर आण. तासभर बस आणि गर्दी सोसून आणला. एका बाजूला यूएसबी, दुसऱ्या बाजूला जांभळी गोल पिन. लावला, ढिम्म. तो कन्व्हर्टर म्हणजे नुसता पिनेचा आकार बदलणारा तुकडा, आत काही नाही. ज्या कीबोर्डला दोन्ही भाषा येतात त्यालाच तो चालतो, आणि आजच्या बहुतेक कीबोर्डना एकच येते. साडी नेसवली म्हणून कुणाला मराठी बोलता येत नाही. (रूममेट म्हणते हे वाक्य काढ, तुझ्यावरच उलटेल. ठेवते.)

शेवटी कीबोर्ड मिळाला आमच्याच वारज्यात, हायवेच्या सर्व्हिस रोडवरच्या भंगारच्या दुकानात, पत्र्यांच्या ढिगाखाली. दुकानदाराने आधी वजन काट्यावर टाकलं, मग माझं तोंड बघून साठ रुपये सांगितले. दिले. कोणी सांगावं, तो आपल्याच कॉलेजचा असेल.

इथेही एक फजिती. मी मशीन चालू असतानाच तो मागे खुपसला. पुन्हा ढिम्म. मामा ओरडले. पीएस/२ हा चालू मशीनमध्ये लावायचा प्रकार नाही. चालू होतानाच बायोस त्याला शोधतो, नंतर आलेल्याची हजेरी लागत नाही, आणि नशीब वाईट असेल तर पोर्टही उडतो. मशीन बंद केलं, नवी बॅटरी घातली, कीबोर्ड लावला, चालू केलं. कॅप्स लॉक दाबला.

हिरवा दिवा लागला. आम्ही तिघं आणि मामा असे ओरडलो की वरच्या मजल्यावरून कुणीतरी 'मॅच आहे का?' विचारलं.

पुढचं भराभर सांगते. बायोसमध्ये तारीख घातली, यूएसबी कीबोर्ड चालू केला, सीडीला पहिला नंबर दिला. विंडोज एक्सपीची फाइल खराब झाली होती, म्हणून लायब्ररीतली मूळ सीडी घातली. आधी हार्ड डिस्क काढून तिची अख्खी कॉपी लॅपटॉपवर घेतली होती. हे कुणी विसरू नका, रिपेअर करताना सगळं उडालं तर रडायलाही काही उरत नाही. मग 'कोणतीही कळ', मग एंटर, मग करारासाठी एफ८, मग आर. पहिल्या स्क्रीनवरही एक आर दिसतो, तो नव्हे. त्याने काळी कमांडची खिडकी उघडते. पहिल्या स्क्रीनवर एंटर आणि करारानंतर जुनी विंडोज दिसल्यावर आर, तेव्हा कुठे जुने प्रोग्राम ठेवून दुरुस्ती होते. आणि मधे मशीन रीस्टार्ट झालं की पुन्हा 'कोणतीही कळ दाबा' येतं. तेव्हा हात मागे बांधून उभं राहायचं! दाबलं की सगळं पहिल्यापासून. आम्ही दाबलं. अर्थातच.

आता वर्गातले हुशार विचारतील (विचारलंच), की एवढा खटाटोप कशाला, व्हर्च्युअल मशीन का नाही केलं? रास्त प्रश्न. बहुतेक वेळा तेच करावं. गंमत बघा, व्हर्च्युअल मशीनमध्ये हा कीबोर्डचा त्रास होतच नाही, कारण व्हर्च्युअलबॉक्स किंवा क्यूएमू आतल्या सिस्टीमला बाय डिफॉल्ट पीएस/२ कीबोर्डच दाखवतात. जांभळी पिन बाजारातून गेली तरी सॉफ्टवेअरच्या पोटात ती अजून जिवंत आहे. पण आमच्या मराठी डीटीपी पॅकेजला प्रिंटर पोर्टवर लावायचं हार्डवेअर लॉक होतं. ते काढलं की पॅकेज उघडत नाही, आणि आजच्या लॅपटॉपला तो पोर्टच नसतो. नुसती फाइल उघडून उपयोग नव्हता. तेव्हाचे फॉन्ट युनिकोडचे नव्हते, अक्षरांच्या जागी आकार साठवलेले. तो फॉन्ट नसेल तर मराठी लेख म्हणजे चिन्हांचा चिवडा.

उलटा अनुभवही सांगते, नाहीतर वाटेल की हा फक्त खापरपणजोबांच्या मशीनचा आजार. आमच्या एका लॅबमध्ये मापन यंत्राचं सॉफ्टवेअर विंडोज ७ वरच चालतं. मशीन त्यामानाने नवं. डीव्हीडी घातली, बायोसमध्ये कीबोर्ड छान, 'एनी की' छान, आणि भाषा निवडायच्या स्क्रीनवर कीबोर्ड आणि माउस दोन्ही ठार. तीच ड्यूटी बदलली. विंडोज ७ २००९ चं, त्यात यूएसबी ३ चा ड्रायव्हर नाही. मागच्या काळ्या यूएसबी २ पोर्टात लावून बघतात, किंवा बायोसमध्ये एक्सएचसीआय बंद करतात, आणि बऱ्याच बोर्डांवर काम होतं. पण इंटेलच्या २०१५ च्या १०० सिरीजपासून जुना ईएचसीआय कंट्रोलरच काढून टाकला, काळा पोर्टही आतून त्याच एक्सएचसीआयला जोडलेला. मग ड्रायव्हर आधीच डिस्कच्या इमेजमध्ये घालून नवी डिस्क करावी लागते. किंवा बोर्डावर जांभळी पिन असेल तर… हो, तोच साठ रुपयांचा कीबोर्ड. तिथेही तोच चालला. त्या मशीनवरही चिठ्ठी तयार होती, 'ओएस लोड होत नाही'.

माझं म्हणणं एवढंच आहे, की चिठ्ठीवर 'चालत नाही' लिहिण्यावर बंदी घाला. लिहायचंच तर कुठे थांबतं ते लिहा. एफ१ वर थांबतं. टिंबांवर थांबतं. निळ्या स्क्रीननंतर थांबतं. कॅप्सचा दिवा लागतो की नाही. दोन ओळींची चिठ्ठी, पण त्यावरून मामांसारखा माणूस मशीनजवळ न येताही सांगेल की बॅटरी गेली, सेटिंग गेलं की खरंच कीबोर्ड गेला. आणि लिलावाच्या यादीवर सही होण्याआधी ती चिठ्ठी एकदा लॅबमध्ये दाखवा.

जुनं ते सोनं असं मला म्हणायचं नाही. जिन्याखालची जागा लागते, धूळ होते, हे सरांचं म्हणणं मान्य. एक्सपीला मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ ला सोडलं, विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० ला. असली मशीन्स नेटला लावणं म्हणजे दार उघडं टाकून गावाला जाणं. आम्ही आमच्या मशीनची नेटवर्कची वायर काढूनच ठेवली. पण मोडीत काढायचं असेल तर आत काय आहे ते बघून काढा. आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांत रिसायकलरबरोबर रिफर्बिशर, म्हणजे दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणारा, हाही धरला आहे. काट्यावर किलोने विकणं त्यात बसत नाही. (मी स्वतः त्याच काट्यावरून कीबोर्ड आणला, हे मान्य.)

आणि स्टाफला एक विनंती, जरा भीत भीत. मामा पुढच्या वर्षी रिटायर होतायत. त्यांच्या डोक्यात जे आहे ते आमच्या एकाही जर्नलमध्ये नाही. कीपॅडचं प्रॅक्टिकल घेताना एकदा तरी एक बंद मशीन पुढ्यात ठेवा, आणि म्हणा, शोधा, ऐकणारा कुठे हरवला. दहा मार्कांना. मी परत द्यायला तयार आहे.

शेवटचं राहिलंच. पॅकेज उघडलं, २००४ च्या मराठी विभागाची फाइल उघडली, आणि एका मथळ्यात चूक दिसली. दुरुस्त करायला मी बसले. मला येतो तो इन्स्क्रिप्ट, म्हणजे डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजनं. तोही अडखळत. पण हे पॅकेज टाईपरायटरच्या मांडणीवर लावलेलं, तिथे पहिली वेलांटी अक्षराच्या आधी द्यायची, जशी दिसते तशी. मी जे टाईप केलं ते वाळवीनेही खाल्लं नसतं. इतक्या भानगडी करून कीबोर्ड चालू केला, आणि आता मीच चालेना!

बाईंना बोलावलं. त्या डबा अर्धवट ठेवून आल्या. खुर्चीवर बसल्या, चष्मा वर केला, बोटं कळांवर ठेवली आणि कीबोर्डकडे न बघता मथळा नीट केला. मग म्हणाल्या, "हा कीबोर्ड जरा जड आहे गं, पण बोटांना बरा वाटतो." आणि पुढची दोन पानं नुसतीच वाचत बसल्या. तेवढ्यात त्यांना एक नाव दिसलं, त्या बॅचच्या एका मुलाचं, आणि त्या हसल्या. का, ते सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी सगळा विभाग काढून घेतला. निवडक लेख याच अंकात पुढे आहेत.

कीबोर्ड मॅगझिन रूमच्या दुसऱ्या ड्रॉवरमध्ये आहे, हिरव्या कापडात. कुठल्याही विभागाने न्यावा, रजिस्टरवर सही करावी. लावण्याआधी मशीन बंद करावं. लॅपटॉपसाठी कुणी मागू नये, बसणार नाही.